पाणीपुरवठामंत्री आणि बागेचा पाइप

जुलै उजाडला की माध्यमिक शाळांमध्ये मंत्रिमंडळाच्या निवडणुका लागतात. आमच्याकडेही लागतात. मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप टाकायचं, बेंचवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, मार्करने बोटाला शाई लावायची. 'बीप' वाजला की पाचवीची पोरं उड्या मारतात. त्या दिवसाचे फोटोही छान येतात. दुसऱ्या दिवसापासून या मंत्र्यांना काम काय? शिस्तमंत्र्याने सर वर्गात येईपर्यंत बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. स्वच्छतामंत्र्याने कागद उचलायचे, म्हणजे दुसऱ्याला उचलायला लावायचे. मुख्यमंत्र्याने पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायचं. वर्षभर हे बघितलं की पुढारी कुणाला म्हणतात ते पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं: ज्याच्या हातात खडू आहे आणि ज्याला स्वतःला वाकावं लागत नाही, तो.

मी साताऱ्याच्या पूर्व भागात, माणच्या दुष्काळी पट्ट्यात एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस आणि आमच्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. मंत्रिमंडळाचं काम माझ्याकडे कसं आलं हे शिक्षकांना सांगायला नको. स्टाफ मीटिंगमध्ये सगळे खाली बघत असताना माझी मान वर होती, एवढंच.

नैतिक नेतृत्व, समस्या निराकरण हे शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणात येतात. स्लाइडवर गोल काढलेला असतो, त्यातून बाण निघतात. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरांसमोर 'समजा तुमच्या गावात एक समस्या आहे' असं म्हटलं की तीसुद्धा समजा-समजाचीच उत्तरं देतात. आम्ही जनजागृती करू, पथनाट्य करू, पोस्टर लावू. सगळं बरोबर असतं आणि कुणाचंच काही बिघडत नाही. खऱ्या प्रश्नात कुणाचं तरी बिघडतं. नीतीचा भाग तिथे सुरू होतो, त्याच्या आधी नाही.

आम्हाला खरा प्रश्न शोधायला लांब जावं लागलं नाही. शाळेला ग्रामपंचायतीचं पाणी एक दिवसाआड येतं. पाणी आलं त्या दिवशी टाकी काठोकाठ, आणि दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली की ठणठणीत. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे. (श्रेणीचा विषय म्हणजे ज्याच्या तासाला गणिताचा जादा तास घेतला जातो, तो. मीही गणिताचीच, त्यामुळे मला कुणी हटकलं नाही.) नववीच्या त्या तासाला मी मंत्रिमंडळाला बोलावलं आणि विचारलं, टाकी का संपते?

उत्तर तयारच होतं. "मॅडम, पाचवीची पोरं पाणी सांडत्यात." उपाय पण तयार. पाणीपुरवठामंत्री नळाजवळ उभा राहील, पाणी सांडणाऱ्याचं नाव लिहील, आणि ती यादी परिपाठात वाचून दाखवायची. बघा, पुन्हा खडूच.

मी एवढंच म्हटलं, "कशावरून?"

पहिला धडा हाच, आणि तो दिसतो त्याहून अवघड आहे. 'कशावरून' विचारलं की पोरांना वाटतं मॅडम रागावल्या. घरी, गावात, टीव्हीवर कुठेच कुणी कुणाला हे विचारत नाही. दोष कुणाचा हे आधी ठरतं आणि पुरावा सवडीने गोळा होतो. आम्ही ठरवलं, आधी मोजायचं.

मोजणं सोपं निघालं. दोन फुटी ओट्यावर सिमेंटची टाकी आहे: आतून अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, मीटरभर खोल. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर, आणि पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ५० लिटर गेलं. नववीच्या पोरांनी हे फळ्यावर स्वतः काढलं. एकाने टाळी वाजवली, कारण घनफळाच्या धड्यातली टाकी पहिल्यांदाच त्याला ओळखीची निघाली. बांबूची काठी घेतली, तिच्यावर खिळ्याने खुणा केल्या, आणि दर घंटेला दोघा-दोघांनी जाऊन पाणी मोजायचं ठरलं. स्टुलावर एक चढायचा, दुसरा वहीत लिहायचा. टाकीपाशी मी किंवा शिपाईमामा उभे. काठी बाहेर काढून माप वाचताना डोळा ओल्या खुणेच्या समोर हवा, वरून वाचलं तर चुकतं, हे मी प्रयोगशाळेत मोजपात्र हातात देऊन शंभरदा सांगत आले आहे. टाकीपाशी ते एकदाच सांगावं लागलं.

एक प्रसंग तपशिलात सांगते, कारण सगळ्या उपक्रमात माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच. तिसऱ्या तासाची नोंद घ्यायची ज्या मुलाची वेळ होती, तो कबड्डीच्या सरावाला गेला आणि विसरला. वहीत मात्र आकडा होता: ७१. आधीची नोंद ७४, नंतरची ६८. मधोमध. इतका गुळगुळीत की मला शंका आली. विचारलं तर त्याने लगेच कबूल केलं. "अंदाजे टाकला, मॅडम. तेवढाच आला असता की. काय बिघडलं?"

खरंच, काय बिघडलं? तेवढाच आला असता. मी त्याला रागावले नाही. वहीच वर्गासमोर ठेवली आणि सगळ्यांना विचारलं. अर्धा तास नुसता गोंधळ. एक म्हणाला, सगळेच असं भरतात, रेशनच्या दुकानात पण, सोसायटीत पण. एकीचं म्हणणं, आकडा जवळपास बरोबर असेल तर खोटं कसं म्हणायचं? मागच्या बाकावरचा एक शांत पोरगा, ज्याचे वडील दूध डेअरीत फॅट मोजायला असतात, तो म्हणाला, "एक जरी आकडा मनाचा हाय म्हणून कळलं, तर बाकीचं पण कुणी मानत न्हाई." यावर कुणाला काही बोलता आलं नाही. त्या मुलाने स्वतःच ७१ वर रेघ मारून 'नोंद नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. खाडाखोड न करता, मूळ आकडा वाचता येईल अशी. सचोटीवर परिपाठात मी कितीही सुविचार वाचले असते, तरी ही रेघ आली नसती.

मोजणीतून पहिली बातमी निघाली ती गमतीशीर. शाळा सुटताना, पाच वाजता, पाणी ५२ सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ४६. रात्रीतून ६ सेंटिमीटर, म्हणजे ३०० लिटर, आणि शाळेत तर चिटपाखरू नाही! पाचवीची पोरं रात्री येऊन पाणी सांडतात की काय, असं मी विचारल्यावर मुख्यमंत्री कानापर्यंत लाल झाला. शोधाशोध केली तर व्हरांड्याच्या टोकाचा एक नळ पूर्ण बंद होत नव्हता. त्याच्याखाली लिटरची बाटली धरली. चार मिनिटांत भरली. तासाला १५ लिटर, साडेसतरा तासांना २६२. बाकीचं कुठेतरी झिरपत असणार. त्या नळाच्या बरोबर वर आमच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये रंगवलेली आहेत, आणि नेमकं 'नीटनेटकेपणा' त्याच्या डोक्यावर. वायसर बदलल्यावर गळती थांबली. वायसरला किती पैसे लागले ते सांगायलाही लाज वाटेल.

दुसरी बातमी जड होती. परिपाठ संपल्यावर पहिल्या तासाच्या आत टाकी एकदम १४ सेंटिमीटर उतरत होती. ७०० लिटर. त्या वेळी पोरं वर्गात असतात, नळ मोकळे. ते पाणी बागेला जात होतं. टाकी धुण्यासाठी तळाला जो वॉश-आउट असतो, त्याला पाइप जोडून रोज लॉनवर सोडलं जायचं. एका स्पर्धेसाठी शाळा सजवली होती, तिची समिती येणार होती, आणि ती हिरवळ हा आमच्या हेडसरांचा जीव की प्राण.

आता पोरांची पंचाईत. अहवालाचा पहिला खर्डा मुख्यमंत्र्याने लिहून आणला. त्यात गळक्या नळाचं वर्णन पानभर आणि बागेबद्दल एक ओळ: 'तसेच इतर काही कारणांमुळे पाणी कमी होते.' वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. चौदा वर्षांच्या पोराला इतकं सराईत सरकारी वाक्य लिहिता येतं, म्हणजे त्याने ते कुठेतरी ऐकलंच असणार. "सरांना राग आला तर?" त्याचा प्रश्न खरा होता. त्याची दहावी पुढे आहे, तोंडी परीक्षेचे गुण आहेत, आणि बापाला गावात राहायचं आहे. 'घाबरू नकोस, खरं बोल' असं त्याला सांगणं मला सोपं होतं, कारण बोलायचं त्याला होतं.

आम्ही वाक्यावर काम केलं. नियम ठरवला: वाक्यात आकडा यायला हवा, वेळ आणि जागा यायला हवी; माणसाचं नाव नको आणि विशेषण तर नकोच. 'पाण्याची उधळपट्टी' गेली. 'सरांच्या बागेला' गेलं. शेवटी राहिलं ते असं: 'परिपाठानंतर पहिल्या तासात वॉश-आउटमधून बागेला सरासरी ७०० लिटर पाणी जाते.' मुख्यमंत्री ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचून म्हणाला, "हे म्हणायला भ्या वाटत न्हाई." मीही आधी हेडसरांच्या कानावर घातलं की पोरं बागेच्या पाण्याबद्दल काही आकडे घेऊन येणार आहेत. काही शिक्षक म्हणतील, याने पोरांच्या धाडसातली हवा गेली. जाऊ दे. पोरांना शौर्य शिकवायच्या नादात कुणाला त्यांच्यासमोर तोंडघशी पाडणं मला पटत नाही, आणि तोंडघशी पडलेला माणूस ऐकूनही घेत नाही.

अहवाल पक्का झाला असं वाटत असतानाच खरी गोष्ट समोर आली.

आरोग्यमंत्र्याने, मुलगाच होता, स्वच्छतागृहांचा वेगळा तक्ता केला होता. मुलींच्या बाजूचा पाण्याचा वापर मुलांच्या निम्म्याहूनही कमी, आणि दुसऱ्या दिवशी तर जवळपास शून्य. त्याने खाली मोठ्या मनाने लिहिलं होतं: 'मुली पाण्याची बचत करतात. त्यांचे अभिनंदन.'

मुलींच्या रांगेत कुजबुज झाली. मग हसणं. मग एकदम शांतता. मी वाट बघितली. शेवटी एक जण, वर्गात कधी हात वर न करणारी, खाली बघूनच म्हणाली, "बचत न्हाई करत, मॅडम. आम्ही जातच न्हाई. नळाला पाणीच नसतंय." दुसरी म्हणाली, "म्हणून आम्ही सकाळपास्नं पाणीच पीत न्हाई."

माझ्यासह सगळे गप्प. काठी, तक्ते, सरासऱ्या सगळं बरोबर होतं, आणि तरीही ज्यांना सर्वांत जास्त त्रास, त्या आमच्या वहीत शाबासकीच्या धनी झाल्या होत्या. वापरच नसेल तर नोंद कुठून होणार? शिक्षणहक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलेलं आहे. आमच्याकडे ती आहेत, वेगळी, रंगवलेली. तपासणीच्या फॉर्मवर टिक होते. पाणी न पिता दिवस काढल्याने काय होतं, डोकेदुखी, लघवीची जळजळ, पाळीच्या दिवसांत शाळा बुडणं, हे मी त्यानंतर मुलींशी वेगळ्या तासाला बोलले. मग वर्गात मुलांशीही बोलले, कारण तक्ता त्यांनी केला होता.

कारण शोधायला सगळे टाकीपाशी गेले. मुलींचं स्वच्छतागृह नंतर बांधलं, तेव्हा जोडणी करणाऱ्याने टाकी खाली फोडली तर गळेल म्हणून भोक मध्यावर पाडलं: तळापासून ४५ सेंटिमीटरवर. काठीवरचे आकडे आता वेगळेच बोलू लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी ५२. रात्रीच्या गळतीने ४६. सकाळी बागेला सोडलं की ३२. म्हणजे एक दिवसाआड, पहिल्या तासापासून शाळा सुटेपर्यंत, मुलींच्या नळाला पाणी चढणारच नाही. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. गवंड्याने टाकी जपली, शिपाईमामांनी सांगितलेलं काम केलं, हेडसरांनी शाळा सुंदर केली. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता आणि मुली तहानलेल्या होत्या.

उपाय सुचला तो ज्याचे वडील शेतात पाइपलाइन टाकायची कामं करतात त्या मुलाला. "अदलाबदल करायची, मॅडम. मुलींचा पाइप तळाच्या वॉश-आउटला, बागेचा पंचेचाळीसच्या भोकाला. दोन एल्बो, एक टी, थोडा पाइप आन् सोल्युशनची डबी. संडासाला गाळ आला तरी चालतंय." म्हणजे बागेला पाणी मिळेल, पण वर असेल तेवढंच. पाणी खाली गेलं की बाग आपोआप बंद. नळाजवळ कुणाला उभं करायला नको, नावं लिहायला नकोत.

तेव्हा मी त्यांना हिवरे बाजारचं सांगितलं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हे गावही आमच्यासारखंच कमी पावसाचं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गावाने डोंगरावर चर खणले, झाडं लावली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला सांगायचा होता तो पाण्याचा ताळेबंद. गावात पडलेला पाऊस मोजायचा, पाणी किती आहे ते काढायचं, त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला ठेवायचं, मग उरलेल्यात पिकं कोणती ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. पोपटरावांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली ती नंतरची गोष्ट. दरवर्षी आपल्याच गावकऱ्यांना 'यंदा हे पीक नको' म्हणायचं, आणि तरी माणसं सोबत ठेवायची, हे मला पुरस्कारापेक्षा अवघड वाटतं. पाइपलाइनवाला पोरगा म्हणाला, "म्हंजी आपलं पंचेचाळीसचं भोक म्हंजीच ग्रामसभा."

हेडसरांसमोर अहवाल वाचला तो मुख्यमंत्र्याने. मुलींचा भाग मात्र त्या कधी हात वर न करणाऱ्या मुलीने वाचला. तो दुसऱ्या कुणी वाचावा हे तिलाच मान्य नव्हतं. सर बराच वेळ वहीच बघत राहिले. 'नोंद नाही' वर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?" मुलाने सांगितलं. मग म्हणाले, समिती येऊन जाऊ दे, नंतर करू. पोरांचे चेहरे पडले. ती मुलगी म्हणाली, "सर, समितीत बाई असल्या तर?" सरांनी तिच्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, आणि शिपाईमामांना हाक मारली. काम शनिवारी झालं. सामानाचे पैसे सरांनी खिशातून दिले, हेही लिहायला हवं.

सरांनी एक अट घातली, हिरवळ वाळता कामा नये. पोषण आहाराची ताटं आणि हात धुतलेलं पाणी टपात धरून बागेला घालायचं ठरलं, आणि मंत्रिमंडळात भांडण पेटलं. खरकटं पाणी वाहायचं कुणी? मुलांचं म्हणणं, मुलींनी, कारण फायदा त्यांचा झाला. कुणी म्हणे पाचवीला लावा. इथे मी मध्ये पडले. साताऱ्यात शिक्षक असून कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्यायला आम्हाला निमित्त लागत नाही, पण या वेळी ते नेमकं लागू होतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या या माणसाने बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, आणि कामं पोरांनी आपली आपण करायची हा रिवाज घातला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात वाढले. कुणी भाकरी थापायची आणि कुणी भांडी घासायची याची आळीपाळीची यादी असायची आणि तिच्यात सगळ्यांत वर प्रमुखाचं नाव, असं ते सांगायचे. मी फळ्यावर रिकामी यादी काढून खडू मुख्यमंत्र्याच्या हातात दिला. त्याने पहिलं नाव कुणाचं लिहावं यावर बराच विचार केला. मग लिहिलं, स्वतःचं.

पहिले काही दिवस टप वेळेवर गेले. मग चाचणी आली, यादी ढिली पडली, दोघांनी दांड्या मारल्या, लॉनचा रस्त्याकडचा कोपरा पिवळा पडला. समिती आली, फिरली, चहा घेऊन गेली. त्यात बाई होत्या. निकाल काय लागला ते सांगत नाही. पोरांनीही फारसं विचारलं नाही, ती तेव्हा दहावीच्या जादा तासांच्या गडबडीत होती.

बाकीच्या शिक्षकांनी विचारलं म्हणून व्यवहाराचं थोडं लिहिते. तास गेले ते जलसुरक्षेचे, त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडला नाही. श्रेणी देताना मी अहवालाचं देखणेपण बघितलं नाही, वही बघितली. प्रश्न निवडताना शाळेच्या आवारातला निवडा, ज्याचा उपाय काही शे रुपयांत आणि एका सत्रात होईल असा. गावाचा दारूबंदीचा प्रश्न नववीच्या डोक्यावर देऊ नका. मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. आणि तक्ता झाला की पोरांना विचारा, यात कोण दिसत नाही?

यंदाच्या मंत्रिमंडळाने एसटीचा प्रश्न घेतलाय. वाडीवरच्या पोरांना शेवटचा तास अर्धा सोडून पळावं लागतं. सध्या ते रोज स्टँडवर गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली ते लिहितात. परवा वहीत दोन ठिकाणी 'नोंद नाही' दिसलं. एका ठिकाणी कारण दिलंय: पाऊस.